दोन रुग्णालयांमधील वाट



इतिहासाच्या व्याख्यानासाठी राजे, तह आणि लढाया हे विषय निवडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी साधा वाटेल. रुग्णवाहिका हा तो विषय होय. आणि त्यातही घरून रुग्णालयात नेणारी नव्हे, तर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रोग्याला नेणारी. "ह्यांना आता पुण्याला हलवा," किंवा "मुंबईला हलवा," हे वाक्य तालुक्याच्या गावी ज्याने ऐकले नाही असे घर विरळा. हे वाक्य उच्चारले गेल्यापासून दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर उतरेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात रोगी कोणाचा असतो? पहिल्या डॉक्टरचा तो राहिलेला नसतो, दुसऱ्याचा झालेला नसतो. ह्या मधल्या वाटेला धनी कोण, हा प्रश्न माणसाने किती उशिरा विचारला आणि त्याचे उत्तर कसकसे दिले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या परिचयाच्या कथेपासून करू. लक्ष्मणाला शक्ती लागली, तेव्हा सुषेण वैद्याने औषधी सांगितली ती दूर हिमालयात होती. मारुतीने लक्ष्मणाला उचलून पर्वताकडे नेले नाही. पर्वतच उचलून लक्ष्मणाकडे आणला. रोग्याला उपचाराकडे न्यावे की उपचार रोग्याकडे आणावा, हा ह्या साऱ्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे, आणि तो आपल्या आजीच्या गोष्टीत आधीच येऊन गेला आहे. कौटिल्यानेही आपल्या अर्थशास्त्रात सैन्याच्या पाठीशी शस्त्रे, औषधे, तेले आणि पट्ट्या घेऊन वैद्यांनी उभे असावे, असे सांगून ठेवले आहे. जखमी माणूस वैद्याला शोधत फिरणार नाही, वैद्याने त्याच्या जवळ असले पाहिजे, ही जाण जुनीच आहे. जुनी जाण आणि रोजची व्यवस्था ह्यांत मात्र पुष्कळ अंतर असते.

युरोपात ह्या व्यवस्थेचा पाया घातला तो दोमिनिक लारे ह्या फ्रेंच शल्यवैद्याने. १७९२ साली तो ऱ्हाइन नदीवरच्या फ्रेंच सैन्यात होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे शुश्रूषापथके रणांगणापासून सुमारे एक लीग, म्हणजे अदमासे चारपाच किलोमीटर मागे ठेवीत, आणि लढाई संपल्यावर जखमींना गोळा करीत. तोपर्यंत पुष्कळांचे काम आटोपलेले असे. लारेने पाहिले की घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा क्षणात इकडून तिकडे नेता येतात. तोफ जर धावू शकते, तर शुश्रूषा का धावू नये? त्यातून त्याची 'उडती' शुश्रूषापथके जन्माला आली. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत त्यांचा संपूर्ण संच उभा राहिला. तीन तुकड्यांत मिळून ३४० माणसे, आणि प्रत्येक तुकडीत बारा हलक्या व चार जड गाड्या. सपाट मुलुखासाठी दोन चाकांच्या, डोंगराळ मुलुखासाठी चार चाकांच्या. पुढे इजिप्तच्या वाळूत चाके रुतू लागली, तेव्हा त्याने उंटाच्या दोन्ही अंगांना पेट्या बांधून त्यांत जखमी निजवले. ज्याची जखम गंभीर त्याला आधी पाहावे, मग तो सेनापती असो, साधा शिपाई असो वा शत्रूकडचा असो, हा दंडकही त्याचाच.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'अँब्युलन्स' ह्या शब्दाच्या मुळाशी 'चालणे' ह्या अर्थाचा लॅटिन धातू आहे. फ्रेंच लोक 'चालते रुग्णालय' म्हणत, त्यातून हा शब्द सुटा झाला. म्हणजे मुळात हे गाडीचे नाव नव्हते, ते रुग्णालयाचे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास, इंग्रजीत तो शब्द जखमींच्या गाडीला लागू झाला, आणि गाडीलाच चिकटून राहिला. शब्दाबरोबर कल्पनाही आकुंचन पावली. आपण मराठीत 'रुग्णवाहिका' म्हणतो, तेव्हा वाहून नेणे तेवढे सांगतो, उपचाराचा त्यात उल्लेखही नाही. गेल्या दीडदोनशे वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने ह्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून देण्याचा इतिहास आहे.

वाहून नेण्याची शिस्तसुद्धा सहज लागली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६२ च्या ऑगस्टमध्ये बुल रनची दुसरी लढाई झाली, त्या वेळी जखमी माणसे कित्येक दिवस मैदानात पडून राहिली. गाड्या नव्हत्या असे नाही. पण त्या कोठारखात्याच्या ताब्यात होत्या आणि हाकणारे पुष्कळसे भाडोत्री होते. जोनाथन लेटरमन ह्या लष्करी डॉक्टरने त्याच महिन्यात गाड्या वैद्यकीय खात्याच्या हुकमतीखाली आणल्या, आणि त्यांच्यासाठी शिकवलेली माणसे नेमली. पुढच्याच महिन्यात अँटिएटमची भयंकर लढाई झाली. तेथील बहुतेक जखमी चोवीस तासांत उचलले गेले. गाडी कोणाच्या हुकमाने चालते, हा प्रश्न गाडीच्या चाकांइतकाच महत्त्वाचा असतो, हा धडा लेटरमनने घालून दिला. लष्करातली ही पद्धत मग शहरांत आली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ साली घोडागाडीची सेवा सुरू केली. तार आली की गाडी निघे.

आपल्याकडे त्या काळी काय होते? प्लेगच्या साथीत, १८९७ च्या आरंभी, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात रोगी आणून पोचवीत होत्या. मुंढव्याकडील एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ ही त्या पोराची रुग्णवाहिका होती. ह्या त्यागापुढे मस्तक नमते. पण त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की ज्या समाजात रोग्याला नेण्यासाठी कोणी तरी महात्मा व्हावे लागते, त्या समाजाची व्यवस्था अपुरी आहे. सह्याद्रीतल्या आणि सातपुड्यातल्या काही वाड्यापाड्यांवरून आजही रोगी डोलीत किंवा झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, तेव्हा तेच अपुरेपण दिसते.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळू. एका रुग्णालयातून दुसऱ्यात रोगी हलवण्याची गरज मुळात का पडली? शंभर वर्षांपूर्वी बहुतेक रुग्णालयांत थोड्याफार फरकाने तेच असे. खाट, परिचारिका, शस्त्रक्रियेचे टेबल आणि ठरावीक औषधे. एकीकडे जे नाही ते दुसरीकडेही नसे, मग हलवायचे कशासाठी? रुग्णालये विषम झाली तेव्हा ही गरज उत्पन्न झाली. श्वास चालवणारे यंत्र एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, असे झाले तेव्हा त्या दोन ठिकाणांमधला रस्ता हाही उपचाराचा भाग बनला.

ह्याची सुरुवात बालपक्षाघाताच्या साथीने केली. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात ही साथ उसळली. ब्लेगडाम रुग्णालयात दिवसाला पन्नासपर्यंत रोगी येऊ लागले. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले अशा पहिल्या एकतीस रोग्यांपैकी सत्तावीस तीन दिवसांत दगावले. रुग्णालयात मोठे श्वासयंत्र एकच होते, आणि छातीवर बसवण्याची लहान सहा. त्या वेळी ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाने सुचवले की श्वासनलिकेला छेद देऊन त्यात नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय केला, आणि ती वाचली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसून, आठवड्यामागून आठवडे, हाताने पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तेथे झाला असे मानतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या घटनेतली महत्त्वाची वस्तू म्हणजे ती पिशवी. लोखंडी श्वासयंत्रात घातलेला रोगी हलवणे म्हणजे एक खोलीच उचलून नेण्यासारखे होते. पिशवी हातात मावत होती, तिला वीज लागत नव्हती, आणि ती चालत्या गाडीतही दाबता येत होती. अतिदक्षता उंबऱ्याबाहेर पडू शकते हे त्या रबरी पिशवीने सिद्ध केले. थोड्याच काळाने पॅरिसमध्ये नेकेर रुग्णालयातील मोरिस कारा ह्यांनी १९५६ साली फिरते पथक उभे केले. त्याचा पहिला हेतू रस्त्यावरचे अपघात हा नव्हता. श्वास आधारावर असलेल्या बालपक्षाघाताच्या रोग्यांना एका रुग्णालयातून दुसऱ्यात सुखरूप नेणे, हा होता. पुढे फ्रान्सभर जी आपत्कालीन वैद्यकीय सेवा उभी राहिली, तिचे एक मूळ दोन रुग्णालयांमधल्या ह्या वाटेवर आहे.

१९६६ साली बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज ह्या हृदयतज्ज्ञाने हाच विचार हृदयविकाराला लावला. हृदयविकाराचे पुष्कळसे मृत्यू पहिल्या तासा-दोन तासांत, म्हणजे रुग्णालय गाठण्यापूर्वीच होतात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवले आणि डॉक्टरासह गाडीत ठेवले. त्या यंत्राचे वजन सुमारे सत्तर किलो होते. दोनच वर्षांत ते तीन-साडेतीन किलोंवर आले. पहिल्या पंधरा महिन्यांत वाटेत एकही मृत्यू झाला नाही, असे त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. मारुतीने पर्वत आणला होता, पँट्रिजने यंत्र आणले.

परंतु गाडी आणि यंत्र आले म्हणजे सारे आले असे नव्हे. गाडीत बसणारा माणूस कोण? त्याच १९६६ साली अमेरिकेत अपघाती मृत्यूंवर एक प्रसिद्ध अहवाल निघाला. त्यात असे दिसून आले की तेथील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा धंदा करणारे लोक चालवत होते. कारण एवढेच, की माणूस आडवा निजवता येईल अशी गाडी त्यांच्यापाशी होती. जिवंत माणसाला आणि प्रेताला एकच गाडी, आणि हाकणाराही तोच! पिट्सबर्ग शहरात तर पुष्कळदा पोलिसांच्याच गाडीतून रोगी नेत. ह्या शहरात पीटर साफार हे डॉक्टर होते. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६७ साली त्यांनी शहरातील हिल डिस्ट्रिक्ट ह्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतले तरुण निवडले. ह्यांतल्या कित्येकांना नोकरी नव्हती, काहींचे शिक्षण अर्धवट राहिले होते. त्यांना शरीरशास्त्र, श्वास, हृदय आणि प्रसूती ह्यांचे सुमारे तीनशे तास शिक्षण दिले. ह्या सेवेचे नाव 'फ्रीडम हाउस'. ज्यांना समाजाने बेकार ठरवले होते, तेच तरुण अमेरिकेतील पहिल्या शिक्षित जीवरक्षकांपैकी ठरले. १९७४ साली नॅन्सी कॅरोलाइन ह्या डॉक्टरबाई त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या, आणि तेथील अनुभव राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या उपयोगी पडला. पण १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाउस बंद झाले, आणि ह्या तरुणांपैकी पुष्कळजण नव्या सेवेतून हळूहळू बाहेर पडले वा बाहेर लोटले गेले. विद्या त्यांची घेतली, माणसे मात्र टाकली. नेणाऱ्याला हमाल समजण्याची वृत्ती किती चिवट असते, ह्याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

वेग साधला, वाटेतला उपचार साधला, तरी तिसरा प्रश्न शिल्लक राहतो, तो जबाबदारीचा. रोगी हलवणे हे नेहमी त्याच्याच हिताचे असते असे नाही. कधी ते हलवणाऱ्याच्या सोयीचे असते. १९८६ साली शिकागोच्या कुक काउंटी ह्या सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टरांनी इतर रुग्णालयांतून आपल्याकडे पाठवलेल्या ४६७ रोग्यांचा हिशेब मांडला. त्यांपैकी शंभरी ८७ जणांना विमा नाही म्हणून पाठवले होते. शंभरी २४ जणांची प्रकृती पाठवताना स्थिर नव्हती. लेखी संमती शंभरी सहा जणांचीच घेतलेली होती. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. आणीबाणीत आलेल्याला तपासलेच पाहिजे. शक्य तितके स्थिर केले पाहिजे. पुढच्या रुग्णालयाने घेण्याचे कबूल केल्यावाचून पाठवू नये. आणि सोबत कागदपत्रे, योग्य माणसे व योग्य साधने दिली पाहिजेत.

हे परदेशाचे झाले. आपल्याकडे १९८९ साली परमानंद कटारा ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. निमित्त होते एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूचे. त्याला जवळच्या रुग्णालयाने हात न लावता, पोलिसी प्रकरणे घेणाऱ्या दूरच्या रुग्णालयाकडे धाडले, आणि तो वाटेतच गेला. कायद्याचे सोपस्कार मागाहून होतील, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९९२ च्या जुलैत बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा तो रात्रभर फिरवला गेला. कोठे साधने नव्हती, कोठे खाट रिकामी नव्हती. अखेर खाजगी रुग्णालयात पदरचे सुमारे सतरा हजार रुपये खर्चून त्याला उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेतमजूर समितीने हे प्रकरण लढवले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे. पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यायालयाने सांगितले की कोठे खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, आणि प्राथमिक केंद्रातून वरच्या रुग्णालयात नेण्यासाठी साधने व वैद्यकीय माणसे असलेली रुग्णवाहिका असावी. मधल्या वाटेला धनी हवा, हे आपल्या देशात इतक्या स्पष्टपणे तेव्हा लिहिले गेले.

लिहिलेले प्रत्यक्षात उतरावयास वेळ लागला. २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या आरंभी आली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक साधने होती. गाडीत डॉक्टर असावा, ही आपल्या राज्याने घातलेली चांगली अट. तरीही २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काय झाले, हे ह्या सभागृहात कोणाला सांगावयास नको. खाट कोठे आहे हे विचारीत नातेवाईकच फोन फिरवीत होते, आणि गाडी दारोदार फिरत होती. १९९६ साली न्यायालयाने जी संपर्कव्यवस्था सांगितली, तिची उणीव त्या दिवसांत घरोघरी जाणवली.

गाडीच्या आत काय चालते, तेही थोडे पाहू; कारण आपण बाहेरून दिवा तेवढा पाहतो. अतिदक्षता विभागातील रोगी नळ्या, तारा आणि औषधांच्या पंपांनी बांधलेला असतो. त्याला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना एक नळी निसटली तरी अनर्थ होतो. गाडीने एकदम ब्रेक लावला वा जोराने वेग घेतला, की अशक्त रक्ताभिसरणावर त्याचा परिणाम होतो. म्हणून अशा गाडीचा चांगला चालक भरधाव जाणारा नसतो, तर सम वेगाने जाणारा असतो. प्राणवायूचा हिशेब तर वाण्याच्या हिशेबासारखा काटेकोर लागतो. आपल्याकडील मध्यम आकाराच्या नळकांड्यात साधारण पंधराशे लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल, तर तो अडीच तास पुरेल. वाट दोन तासांची असेल तर काम भागेल असे वाटते. पण घाटात रस्ता अडला तर? म्हणून लागेल त्याच्या दुप्पट बरोबर घ्यावा, असा संकेत आहे. हा हिशेब करणारा, यंत्राचा आकडा पाहणारा आणि अंधारात चाक सांभाळणारा, ही दोनतीन माणसे त्या वेळी एक लहानसे रुग्णालयच चालवीत असतात. रोगी दारात उतरला की त्यांचे नावही कोणी विचारत नाही. त्यांचे शिक्षण, त्यांची विश्रांती आणि त्यांचा पगार हा म्हणूनच आपल्या जिवाशी जडलेला विषय आहे.

तात्पर्य, लारेने वेग दिला, लेटरमनने शिस्त दिली, इब्सेन, कारा आणि पँट्रिज ह्यांनी उपचार गाडीत आणला, फ्रीडम हाउसच्या तरुणांनी शिकलेला हात दिला, आणि न्यायालयांनी जबाबदारी कोणाची ते सांगितले. ह्यांतले एकही कमी असले तर वाट पुन्हा बेवारशी होते. नागरिक म्हणून आपल्या हाती एवढे निश्चित आहे. आपले माणूस हलवण्याची वेळ आली, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पुढच्या रुग्णालयातील कोणत्या डॉक्टरने रोगी घेण्याचे कबूल केले आहे? गाडीत सोबत कोण जाणार, आणि श्वास अडला तर ते काय करू शकतात? प्राणवायू वाटेच्या दुप्पट वेळ पुरेल ना? हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही; चांगल्या डॉक्टराला हे प्रश्न आवडतात, कारण तो स्वतः ते आधीच विचारून बसलेला असतो. आणि अशी वेळ नसताना, स्वस्थ दिवसांत, हेच प्रश्न आपल्या नगरपालिकेला आणि जिल्हा परिषदेला विचारीत राहावे. आणीबाणीची तयारी आणीबाणीत करता येत नाही.